शिवणीवरून उघडलेला शर्ट

तिच्या तोंडात दिवसभर टाचण्या असायच्या. खालच्या ओठावर चार-पाच ओळीनं धरलेल्या, आणि त्यांच्या फटीतूनच ती गिऱ्हाइकाला दरडावायची. "हात वर. श्वास सोड. पोट आत ओढू नकोस, शर्ट तुझ्या पोटाला शिवायचाय, फोटोला नाही." म्हणून सगळी गल्ली तिला टाचणी म्हणायची, अगदी तोंडावरसुद्धा. तिला त्याचं काही वाटत नसे. टाचण्या काढून ठेवल्यावर ती जे बोलायची ते जास्त टोचायचं, हे गल्लीला अनुभवानं ठाऊक होतं.

शिवण तिला कुणी शिकवली नव्हती. नवरा गेला तेव्हा पोरगा तीन वर्षांचा होता आणि घरात धड म्हणावी अशी वस्तू एकच, नवऱ्याचा कोट. लोक म्हणाले, विकून टाक. तिनं तो उसवला. टाका टाका उसवून तुकडे जमिनीवर मांडले, कुठला तुकडा कुठे जातो ते डोळ्यात भरून घेतलं आणि परत शिवला. तीनदा उसवला, तीनदा शिवला. चौथ्या खेपेला तो शेजारच्या वहिनींच्या नवऱ्याला अंगाबरोबर बसला. ज्यांना विद्या पाटीपेन्सिलीसकट हातात आणून दिली जाते त्यांना असल्या शिकण्याची किंमत कळत नाही, आणि पुढे या गोष्टीत त्यांना ती कळली नाहीच.

मग तिला सूतगिरणीचं काम मिळालं. कामगारांचे निळे शर्ट. गिरणीचं म्हणणं, लहान, मध्यम, मोठा, तीन आकार पुरे झाले. टाचणीचं म्हणणं, माणसं तीन आकारांत येत नाहीत. पाळी सुटायच्या वेळी ती टेप घेऊन फाटकाशी उभी राहायची आणि एकेकाला धरून माप घ्यायची. अक्षर तिला येत नव्हतं. वहीत तिच्या स्वतःच्या खुणा असायच्या. उतरलेल्या खांद्याला तिरकी रेघ, ढेरीला गोल, आखूड मानेला टिंब. कुणाचं माप कुठल्या पानावर आहे हे तिला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं असतं. प्रत्येक शर्टाच्या बगलेत ती बोटभर माया ठेवायची, म्हणजे शिवणीच्या आत दुमडलेलं जादा कापड. माणूस अंगानं सुटला तर शर्ट सोडता यावा म्हणून.

आणि या सगळ्यांत वाईट शर्ट कुणाचा, तर तिच्या पोराचा. शिंप्याच्या घरातला माणूस कायम उरल्यासुरल्या तुकड्यांत फिरतो. पोरगा वाढला पण नुसता उंचीला, म्हणून त्याला लांब्या म्हणायचे. गिरणीतच पंप-मोटारी दुरुस्त करायचा. त्याच्या निळ्या शर्टाच्या डाव्या बाहीला कापड पुरेना, तेव्हा तिनं ती आडव्या धाग्यात कापली. असं कुठलाच शिंपी करत नाही. आडव्यात कापलेली बाही धुतल्यावर पिळवटते. लांब्या हात पुढे करायचा तेव्हा बाही त्याच्याकडे बघायची नाही, शेजाऱ्याकडे बघायची.

"आई, सगळ्या गिरणीचे हात सरळ आणि तुझ्या पोराचा वाकडा," तो म्हणायचा.

"लोकांचं आधी. पुढच्या ठाणात तुला नवीन."

कापडाचं पुढचं ठाण आलं आणि गेलं. नवीन राहिलंच.

युद्ध कुणी सुरू केलं यावर जाडजूड पुस्तकं निघालीत. गल्लीला एवढंच कळलं, की एका सकाळी गिरणीच्या फाटकावर वेगळाच झेंडा होता आणि आत एक कर्नल खुर्ची टाकून बसला होता. त्यानं फर्मान काढलं, आजपासून फौजेसाठी कापड विणायचं. पहिल्या पाळीनं मान खाली घालून विणलं. दुसरी पाळी यंत्रं बंद करून जमिनीवर बसली. बेचाळीस जण. त्यात वहिनींचे दोघं मुलगे होते, थोरला आणि धाकटा. त्यांना मालट्रकांतून वीटभट्टीवर नेलं. पुढचं सांगायला त्यातला कुणी परत आला नाही. पुढे कर्नलला पुरावा लपवायचा झाला तेव्हा त्यानं त्यांना पुरलेल्या खड्ड्यावर यंत्र फिरवून सगळं कालवून टाकलं. उरलं काय, तर निळे शर्ट.

लांब्या पहिल्या पाळीला होता म्हणून वाचला. वहिनी त्या दिवशी टाचणीच्या गळ्यात पडून रडल्या आणि म्हणाल्या, "तुझा आहे ना. तो आता आपल्या दोघींचा."

तो दोघींना मिळून तीन आठवडे पुरला.

कर्नलला धडा शिकवायला मोठा देश धावून आला. मोठा देश म्हणजे कुठला ते सांगायची गरज नाही, प्रत्येक काळात एक असतोच. त्याची विमानं भर दुपारी आली आणि गिरणीच्या कॅन्टीनवर बॉम्ब टाकून गेली. कॅन्टीनच्या भिंती जाड म्हणून अर्धी गल्ली तिथं आसऱ्याला होती. पाण्याचा पंप बिघडला म्हणून लांब्या तिथं गेला होता. सव्वीस माणसं गेली. रेडिओवर सांगितलं, शस्त्रांचं कोठार उडवलं. आठवड्यानं सांगितलं, खेद वाटतो. पुढे त्यांनी स्वतःच स्वतःची चौकशी केली, सगळं नियमाप्रमाणे झाल्याचं त्यांना आढळलं, आणि त्यांनी स्वतःला मोठ्या मनानं सोडून दिलं.

लांब्या भिंतीखाली होता. जळला नव्हता, चेहरा धड होता. डावा हात मात्र दगडाखाली चेचून ताठ झालेला. शर्ट निघेना. कुणी म्हणालं, फाडा. टाचणीनं सगळ्यांना बाजूला केलं आणि कमरेची कात्री काढली. मनगटापासून सुरुवात करून बाहीच्या शिवणीवरून ती बगलेपर्यंत आली, बगलेतून वळली आणि खाली कमरेपर्यंत गेली. कात्रीचं टोक दोन टिपांच्या मधे सरकवत, नुसता दोरा कापत. कापडाला धक्का लावला नाही. तेवीस वर्षांची सवय, हात आपोआप शिवणीवरूनच गेला. फक्त बगलेत, जिथं चार पदर एकत्र येतात तिथं, कात्री घसरली आणि बोटभर कापड कापलं गेलं.

पोराला तिनं गिरणीच्या नव्या, न कापलेल्या निळ्या कापडात गुंडाळलं. शर्ट तिथंच राहिला. दोन दिवसांनी ती शोधायला गेली तर नगरपालिकेचा माणूस म्हणाला, "सगळे कपडे पोत्यात भरले बाई, बहुतेक जाळले." तिनं ते मान्य केलं. कात्री तेवढी तिच्याकडे होती. धंद्याची चांगली कात्री एकच, त्यामुळे त्याच कात्रीनं पुढची चार वर्षं ती दुसऱ्यांचे कपडे बेतत राहिली. लोकांना वाटायचं, बाई सावरली.

चार वर्षांनी कर्नल सापडला आणि मोठ्या देशानं कोर्ट बसवलं. जुन्या पोस्टाच्या इमारतीत जिथं पूर्वी मनीऑर्डरची रांग लागायची तिथं न्यायाधीशांचं टेबल आलं. न्यायाधीश मोठ्या देशाचे, सरकारी वकील मोठ्या देशाचे, पाण्याच्या बाटल्यासुद्धा मोठ्या देशाच्या. इथले होते ते दोघंच, कर्नलचा वकील आणि दुभाष्या. दुभाष्या पूर्वी शाळेत भूगोल शिकवायचा आणि टाचणीला मावशी म्हणायचा.

सरकारी बाजूच्या वकीलबाई दुभाष्याला घेऊन टाचणीच्या घरी आल्या. तरुण, थकलेली, चांगली बाई होती. सगळे शर्ट तुम्हीच शिवलेत ना, ओळखायला याल का, असं तिनं विचारलं.

"येते," टाचणी म्हणाली. "आणि कॅन्टीनवाल्यांचं कोर्ट कधी आहे?"

दुभाष्यानं विचारलं. वकीलबाई बराच वेळ बोलल्या. दुभाष्यानं ते एका वाक्यात बसवलं. "त्या म्हणतात, तो विषय त्यांच्या अधिकारात नाही, मावशी."

"एवढं लांबलचक बोलल्या त्या. बाकीचं काय होतं?"

"बाकी सगळी सहानुभूती होती."

पोस्टाच्या मागच्या दालनात लांब टेबलांवर शर्ट मांडले होते. प्रत्येकाच्या बाजूला नंबराची चिठ्ठी. त्रेचाळीस. गल्लीला माहीत होते बेचाळीस, पण कोर्टाला वाटत होतं की एखादा अनोळखी कामगार असेल, ज्याच्यामागे विचारायला कुणी नाही. टाचणी वही उघडून एकेका टेबलाशी थांबायची, खांदा बघायची, कॉलर उलटायची, आणि सांगायची. हा जाड्या बॉयलरवाला. हा गाणी म्हणणारा. हा वहिनींचा थोरला. नंबर सतराशी आली तेव्हा तिनं कॉलर उलटली नाही. डावी बाही टेबलावर शेजारच्या शर्टाकडे तोंड करून पडली होती.

ती तिथं नको तेवढा वेळ उभी राहिली.

"हा?" दुभाष्यानं विचारलं.

"माझी शिवण आहे," ती म्हणाली आणि अठराकडे गेली.

चिठ्ठीवर तज्ज्ञानं काय लिहिलंय ते तिनं जाता जाता विचारून घेतलं. धारदार सुरीनं मनगटापासून कमरेपर्यंत चिरलेला, बहुधा बळी जिवंत असताना. वकीलबाईंचा या शर्टावर फार भर होता. नुसत्या गोळ्या कुणीही घालतं, या सुरीतून कर्नलच्या माणसांचं क्रौर्य दिसत होतं.

त्या संध्याकाळी ती वहिनींकडे गेली. वहिनी बटाटे सोलत होत्या. दोघींच्या घरांत भिंत एक, अंगणात कपड्यांची दोरी एक. वहिनी तिच्याहून पाच-सहा वर्षांनी मोठ्या.

"वहिनी, सतरा नंबर लांब्याचा आहे."

वहिनींचा हात थांबला. "असा कसा? तो तर तिकडे..."

"पोती एकाच कोठीत ठेवली होती. कुणीतरी सरमिसळ केली. बाही माझ्या हातची आहे, वहिनी. आणि ती फट सुरीची नाही. माझ्या कात्रीची आहे."

वहिनी बटाट्याकडे बघत राहिल्या. मग परत सोलायला लागल्या. "मग? कुठंतरी मोजला जातोय ना. जाऊ दे."

"कर्नलच्या नावावर?"

"कर्नल काय देवमाणूस आहे? एक जास्त लागला तर त्याचं काय वाकडं होणार आहे?"

"त्याचं नाही होणार. विमानवाल्याचा एक कमी होईल."

"त्याचे तसेही शून्यच धरलेत," वहिनी म्हणाल्या. सुरी खाली ठेवून त्यांनी पदराला हात पुसले. "ऐक. खोटं बोल असं मी म्हणत नाही. विचारतील तेवढंच बोल."

"मी आजवर कधी विचारल्याइतकंच बोललेय?"

"तीच तर भीती आहे." वहिनींनी तिचं मनगट धरलं. "माझे दोघं आहेत त्या टेबलावर. चार वर्षं मी एवढ्यासाठी जिवंत राहिले, की कुणीतरी मोठ्यानं म्हणावं, याच माणसानं यांना मारलं. कर्नलचा वकील किती हुशार आहे बघितलंस? एक धागा सापडला तर सगळं उसवेल तो. तुला मी सांगायला हवं का, एका धाग्यानं काय होतं ते?"

टाचणीनं सांडलेली सालं गोळा करायला घेतली.

"हो म्हण."

"गप्प बसेन," टाचणी म्हणाली. तोंडात टाचण्या नव्हत्या तरी शब्द ओठातच अडकल्यासारखा बाहेर आला. निघताना वहिनींनी तिला चार बटाटे दिले. नको म्हणायचा धीर तिला झाला नाही.

साक्षीच्या दिवशी पोस्टात पाय ठेवायला जागा नव्हती. गल्लीतल्या बाया पुढच्या तीन बाकांवर, वहिनी पहिल्याच बाकावर. कर्नल काचेच्या खोलीत बसलेला. म्हातारा दिसत होता, दाढी नीट केलेली. टाचणीनं सवयीनं त्याच्या कोटाकडे पाहिलं. खांद्यात ढिला होता. माणूस बराच वाळला होता.

वकीलबाईंनी एकेक शर्ट दाखवला. टाचणी सांगत गेली, तिला बोलायला दिलं तेवढंच. तासाभरात सोळा झाले. मग सतरा नंबर वर धरला गेला. वकीलबाईंनी कोर्टाकडे वळून जरा वेळ भाषण केलं. दुभाष्या मागोमाग सांगत होता, खालच्या आवाजात. "म्हणतात, ही फट बघा. म्हणतात, हा माणूस कोण होता हे आपल्याला कळणार नाही, पण त्याच्याशी शेवटी कुणी कसं वागलं हे या फटीवरून कळतं. म्हणतात, ज्यानं हे केलं त्याच्या मनात माणसाबद्दल तिळमात्र दया नव्हती."

टाचणीनं शर्टाच्या बगलेकडे पाहिलं.

"साक्षीदारानं सांगावं, शर्ट शिवून दिला तेव्हा ही फट होती का?"

"नाही," टाचणी म्हणाली.

उत्तर खरं होतं. तेवढ्यावर तिला खाली बसता आलं असतं. वकीलबाईंनी मान डोलावून शर्ट घडी करायला घेतलासुद्धा. पहिल्या बाकावर वहिनींनी डोळे मिटले होते. घडी चुकीची पडत होती, डावी बाही आतल्या बाजूनं दुमडली जात होती, आणि ते बघता बघता टाचणीच्या तोंडून निघून गेलं.

"ती मी पाडली."

दुभाष्यानं तिच्याकडे पाहिलं. "मावशी?"

"सांग त्यांना. माझ्या कात्रीनं. हा माझा पोरगा आहे. वीटभट्टीवर नाही मेला तो, कॅन्टीनमधे मेला. हात ताठ झाला होता म्हणून मी शिवणीवरून शर्ट उघडला. सुरीनं शिवण अशी उघडते का कधी? दोन्ही काठांना दोऱ्याचे तुकडे आहेत, बघ म्हणावं. कापड कुठं कापलंय? फक्त बगलेत. तिथं माझा हात हलला. दया नव्हती म्हणतात. सांग त्यांना."

दुभाष्यानं सांगितलं. या खेपेला काही गाळलं नाही.

काचेच्या खोलीत कर्नल सरळ होऊन बसला आणि त्याच्या तोंडावर खटल्याच्या चार महिन्यांत पहिल्यांदा हसू आलं. टाचणी त्याच्याकडे वळली.

"हसू नकोस. बाकीचे बेचाळीस तुझेच आहेत. प्रत्येकाचं माप आहे माझ्याकडे."

न्यायाधीशांनी पेन्सिल टेबलावर ठेवली. पांढऱ्या भुवयांचा, सौम्य माणूस होता. त्यांनी सांगितलं, कोर्टाला साक्षीदाराच्या दुःखाची जाणीव आहे, पण तिनं विचारल्याइतकंच बोलावं.

"मग मी विचारते," टाचणी म्हणाली. "साहेब, त्या विमानात जो बसला होता, त्याला या काचेच्या खोलीत कोण बसवणार?"

"तो प्रश्न या कोर्टाच्या कक्षेबाहेर आहे."

"तुमच्या देशात कोर्ट आहे ना?"

"आहे."

"मग हा शर्ट घेऊन मी तिथं येऊ का? की ते पण कक्षेबाहेर? आमच्या माणसाचा न्याय तुम्ही करायचा, बरं, करा, आम्हाला हवाच आहे. तुमच्या माणसाचा कुणी करायचा? आम्ही केला तर चालेल?"

दुभाष्या ग्लास उचलून पाणी प्यायला. पूर्ण ग्लास संपेपर्यंत तो थांबला. मग त्यानं काहीतरी सांगितलं, फार थोडं. न्यायाधीशांनी खाली कागदाकडे पाहिलं आणि जेवणाची सुट्टी जाहीर केली.

बाहेर पडताना वहिनी तिच्या शेजारून गेल्या. थांबल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "हो म्हणाली होतीस."

कर्नलचा वकील खरोखरच हुशार निघाला. शर्टांची पोती चार होती. तीन पोत्यांवर नगरपालिकेचं सील होतं. एक वाटेत फाटलं म्हणून बदललेलं, बिनसीलचं. सतरा नंबर त्याच पोत्यातला. मग त्या पोत्यातले बाकीचे अकरा वीटभट्टीवरचेच कशावरून? टाचणीनं वही पुढे केली. वकिलानं ती दोन बोटांत धरून कोर्टाला दाखवली. रेघा, गोल, टिंबं. हे दस्तऐवज आहेत की रांगोळी, असं त्यानं विचारलं, आणि मोठ्या देशाच्या माणसांना रांगोळी म्हणजे काय ते दुभाष्याला समजावून सांगावं लागलं. ते समजल्यावर दोघं-तिघं हसले. जी बाई स्वतःच्या मुलाचा शर्ट ओळखून पहिल्या दिवशी गप्प बसते तिच्या बाकीच्या ओळखींवर काय विश्वास ठेवायचा, हेही त्यानं विचारलं. ते मात्र टाचणीला लागलं. त्यात चूक काही नव्हती.

निकाल लागला. एकतीस खून सिद्ध. बावीस वर्षं. बिनसीलच्या पोत्यातले अकरा, पुराव्याअभावी वगळले. थोरला धरला गेला. धाकटा वगळला गेला.

बावीस काय आणि शंभर काय, कर्नल तुरुंगातच मरणार होता, असं गल्लीतले शहाणे म्हणाले. वहिनींना ते कुणी तोंडावर म्हणालं नाही. मोठ्या देशाच्या वर्तमानपत्रांत छापून आलं, की न्याय झाला, आणि न्याय किती निर्दोष असू शकतो ते बघा, संशयाचा फायदा त्यांनी राक्षसालासुद्धा दिला. कॅन्टीनचा उल्लेख एका ओळीत होता. 'मधल्या गोंधळाच्या काळात' असे शब्द होते, दुभाष्यानं वाचून दाखवले.

वहिनींनी दोरीवरचे आपले कपडे काढले आणि अंगणाच्या दुसऱ्या टोकाला खिळा ठोकून नवी दोरी बांधली. भिंतीवर चहासाठी टकटक व्हायची ती बंद झाली. टाचणी दोनदा दाराशी जाऊन आली. पहिल्यांदा दार उघडलं नाही. दुसऱ्यांदा आतून आवाज आला, "घरात कुणी नाही." आवाज वहिनींचाच होता.

टाचणीनं काम सोडलं नाही. पण माप घेताना ती आता दरडावत नसे. गिऱ्हाइकांना चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं. एक पेन्शनर गमतीनं म्हणाला, "बाई, पोट आत ओढलंय बघा, ओरडा की." तिनं नुसतं टेपवरचं बोट पुढे सरकवलं.

आठ महिन्यांनी पोस्टातून बोलावणं आलं, वगळलेल्या वस्तू नातेवाइकांनी घेऊन जाव्यात म्हणून. पूर्वी तिकिटं विकायची ती खिडकी उघडली होती. कारकुनानं खाकी कागदी पिशवी सरकवली आणि पावती वाचून दाखवली. वस्तू क्रमांक सतरा, एक शर्ट, निळा, कोणत्याही चालू प्रकरणाशी संबंध नाही. टाचणीनं अंगठा उठवला.

वळली तर मागे रांगेत वहिनी. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. टाचणी भिंतीकडच्या बाकावर जाऊन बसली. थोड्या वेळानं वहिनी पिशवी घेऊन आल्या आणि त्याच बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसल्या. मधे दोन माणसं मावतील एवढी जागा.

मग वहिनींनी पिशवी मधल्या जागेत ठेवली.

"त्यांनी लिहून दिलंय, ओळख पटत नाही." आवाज कोरडा होता. "कागदावर तसं वाचल्यापासून मलाही पटेना. रात्रंदिवस डोक्यात तेच. आई असून पटेना. तू सांग."

टाचणीनं हात लुगड्याला पुसले. शर्ट बाहेर काढला, मांडीवर पसरला. कॉलर उलटली, खांद्यावरून अंगठा फिरवला. डाव्या खांद्याच्या आत, शिवणीलगत, कापडाची एक जादा घडी होती.

"धाकटा सुताच्या पेट्या डाव्या खांद्यावरून वाहायचा," ती म्हणाली. "तो खांदा उतरला होता. म्हणून आत घडी भरली. गिरणीत असा एकच शर्ट. हात लावून बघा."

वहिनींनी हात लावला.

"आणि हे तिसरं बटण. तुटलं तेव्हा तुम्हीच लावलंत, पांढऱ्या दोऱ्यानं. मी बोलले होते तुम्हाला, निळा दोरा नव्हता का घरात म्हणून."

"बोलली होतीस," वहिनी म्हणाल्या. बटणावर त्यांचं बोट थांबलं आणि तिथंच राहिलं. "हे कोर्टात का नाही सांगितलंस?"

"सांगितलं. दोनदा. लिहून घेतलं नाही."

खिडकीपाशी कारकून कुणाच्या तरी अंगठ्यासाठी शाईचा डबा शोधत होता. वहिनींनी शर्टाची घडी घातली. बाया घालतात तशी, छातीवर धरून, हनुवटीखाली दाबून. घडी झाली तरी त्यांनी तो हनुवटीखालून काढला नाही.

"मी तुला माफ केलेलं नाही," त्या तशाच म्हणाल्या.

"माहितीये."

"करेन असंही वाटत नाही."

"हो."

"लांब्याचा शिवणार का परत?"

टाचणीनं मांडीवरच्या पिशवीकडे पाहिलं. अजून उघडली नव्हती. "नाही. फट राहू दे. पुढेमागे कुणी विचारलं तर दाखवायला हवी."

"कोण विचारणार आहे?"

"कुणी नाही. तरी राहू दे."

वहिनी उठल्या. टाचणी त्यांच्यानंतर जरा वेळानं उठली. परतीचा रस्ता दोघींचा एकच होता, त्याला इलाज नव्हता. वहिनी पुढे चालत राहिल्या, वीस-पंचवीस पावलं पुढे. गिरणीच्या बंद फाटकाशी रस्ता ओलांडायचा होता. तिथं गाड्या जोरात जातात आणि टाचणीला हल्ली डाव्या डोळ्यानं कमी दिसायचं. वहिनी फाटकाशी थांबल्या. मागे वळून पाहिलं नाही. टाचणी शेजारी येऊन पोहोचेपर्यंत त्या तशाच उभ्या होत्या. मग दोघींनी रस्ता ओलांडला, आणि पलीकडे गेल्यावर वहिनी परत पुढे निघून गेल्या.